खाल्ल्या घरचे वासे

त्या माणसाचा मला अजून राग येतो, आणि तो यायलाच हवा. माझा व्याही. जातीचा सुतार, पण हातातला रंधा टाकून शुक्रवार पेठेत लाकडाची वखार घालून बसलेला. श्रीमंत पेशव्यांच्या फौजा उत्तरेला निघाल्या की तंबूच्या खांबांना गिऱ्हाईक. तेवढ्यावर मोठा झालेला. लाकूड विकणाऱ्याला लाकूड कळत असेल असं समजून मी त्या घरात लेक दिली.

लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, ही आमची रीत. बाळंतपण आमच्याकडे कसब्यात झालं. मायलेकरांना पोचवायला मी स्वतः घडवलेला पाळणा घेऊन गेलो, तेव्हा त्या घरात माझं पान पहिल्यांदा मांडलं गेलं. पुरणपोळीवर तूप पडत होतं आणि माझी मान वर गेली. सुताराची जाणारच.

वर आढं होतं, दोन्ही अंगांना वासे होते, कौलं होती. तुळई नव्हती! भिंतींत तिची कापलेली टोकं तेवढी राहिलेली. वासे वर आढ्याला टेकतात, पण कौलांच्या ओझ्यानं त्यांचे पाय बाहेर सरकू पाहतात आणि भिंतींना ढकलतात. आडवी तुळई दोन्ही भिंतींना धरून ठेवते. ती गेली की घर फाकत जातं. पुढच्या भिंतीची भेग मला पानावरून दिसत होती. आणि त्याच आढ्याला दोरानं टांगलेल्या पाळण्यात माझा नातू निजवला होता.

"अहो, तुळई कुठं गेली?"

"काढली," व्याही म्हणाला. "जोशीबुवा म्हणाले, बैठकीच्या डोक्यावर येते, म्हणून बरकत नाही."

मी मोठ्यानं वासे मोजायला लागलो, कुठला किती सरकलाय ते बोटानं दाखवत. व्याह्यानं पानावरून हात उचलला.

"पहिल्यांदा जेवायला बसलात, आणि खाल्ल्या घरचे वासे मोजता?"

पंगत हसली. माझं डोकं फिरलं.

"मोजतो! तुम्ही मोजले असते तर माझ्यावर ही पाळी आली नसती. अक्कलही वखारीत विकलीत काय?"

तो ताडकन उठला, मीही उठलो. आमची तोंडं चालू असताना लेकीनं पाळण्यातून पोर उचललं आणि ती अंगणात जाऊन उभी राहिली.

"मामंजी, तुळई बसल्याशिवाय मी बाळाला आत आणायची नाही."

शेजारच्या ओसरीवर राहिली, पण आत गेली नाही. शेवटी तुळई बसली. मला डिवचायला सुतार मुद्दाम दुसऱ्या पेठेतला आणला. काम चांगलं झालं असं ऐकतो. ऐकतोच, कारण त्या दारात मला बंदी आहे आणि लेकीला माहेरी धाडत नाहीत. कसब्यातून शुक्रवार असा कितीसा लांब?

पोरगं आता चालायला लागलंय म्हणे. शेजारीण सांगत होती.