तीन तारे आणि बंद मोटर

देडतलाईजवळ आमचं घर केळीच्या शेतातच आहे. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिलाच. त्यामुळे मी काय शिकतो हे घरी कुणी विचारत नसे, आणि मलाही ते नीट सांगता येत नसे.

त्या काळात परदेशातल्या दुर्बिणींची माहिती आपल्याकडेही मिळू लागली होती. कॉलेजातल्या सरांनी मला एका ताऱ्याचे वर्णपट, म्हणजे त्याच्या प्रकाशाचे रंगपट्टे, सीडीवर भरून दिले होते. डोळ्याला एक दिसणारा तो तारा म्हणजे खरं तर तीन जड तारे. त्यातले दोन एकमेकांभोवती फिरतात, म्हणून वर्णपटातल्या त्यांच्या काळ्या रेषा इकडेतिकडे सरकतात. तिसऱ्याची रेषा जवळजवळ जागची हलत नाही. तिन्ही एकमेकींत मिसळलेल्या असतात, त्या मला वेगळ्या करायच्या होत्या.

मे महिन्याच्या सुट्टीत मी हे काम जुन्या कम्प्युटरवर घरीच करत होतो. पहिल्याच दिवशी शेतातली पाण्याची मोटर सुरू झाली, व्होल्टेज पडलं आणि कम्प्युटर बंद झाला. सकाळपासून केलेली जुळवणी गेली. मी चिडून म्हणालो, "बाबा, असं झालं तर माझं काम कसं होणार?"

बाबा उठून शेताकडे गेले. त्यानंतर वीज छान टिकू लागली. मला वाटलं, या वर्षी लाईन सुधारली. तिसऱ्या ताऱ्याची रेषा हळूहळू सुटी होत होती आणि मी खुशीत होतो.

मग एका दुपारी शेजारच्या काकू ताक घेऊन आल्या. दारातूनच म्हणाल्या, "काय साहेब, केळी विचारून राहिली, तुमचे तारे मोजून झाले का?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? या हप्त्यात शेताची वीज दिवसाच येते ना. अन् तुझा बाप मोटरले हात लावत नाही. म्हणे, पोराचा कम्प्युटर चालू आहे."

चालू कम्प्युटर तसाच सोडून मी बागेत धावलो. घड नुकतेच भरायला लागले होते. उन्हानं पानं कडेनं करपली होती. काही घड दांड्यातून मोडून खाली पडले होते. माय ते एका जागी गोळा करत होती. मला पाहून म्हणाली, "तू कशाले आला उन्हात? जा, घरी बस."

मी सरळ जाऊन मोटर सुरू केली.

तिचा आवाज ऐकून बाबा बांधावरून पळत आले. त्यांना असं पळताना मी कधी पाहिलं नव्हतं. "बंद कर, बंद कर! तुझं काम जाईल ना बेटा!"

"गेलं, बाबा."

ते तिथेच उभे राहिले. पाटातून पाणी केळीकडे निघालं होतं, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. जणू त्यांच्याच हातून काही सांडलं होतं, असा त्यांचा चेहरा झाला होता. त्यांनी हळूच विचारलं, "मग सरले काय सांगशील आता?"

मला त्यांच्याकडे बघवेना. मी खाली वाकलो आणि मायसोबत पडलेले घड उचलू लागलो.