चऱ्होलीची माणसं दिव्याच्या बेटावर

काही घरांत लग्नाचे किस्से साठतात, काहींत भांडणांचे. आमच्या घरात बेटाचे साठलेत. एका मे महिन्यात आम्ही चार माणसं समुद्रातल्या एका बेटावर राहून आलो. ही पन्नास सालानंतरच्या दहा वर्षांतली गोष्ट, पण अजून जेवताना कुणीतरी ते किस्से काढतंच. एक सांगितला की दुसरा आपोआप बाहेर येतो. ह्यांना विचारलंत तर अर्धे किस्से घडलेच नाहीत म्हणतील. म्हणून मीच सांगते.

मी मूळची कोकणातली, लग्न होऊन चऱ्होलीला आले. सासरी शेती. मामंजी, म्हणजे माझे सासरे, आणि आत्याबाई, म्हणजे सासूबाई, दोघंही आयुष्यभर मातीत राबलेले. आमचे हे मात्र पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात लागले होते, रोज सायकलवरून जायचे. माझा थोरला भाऊ, दादा, कोकणातल्या एका बेटावर दीपगृहात नोकरीला होता. तिथं वस्ती म्हणजे तो आणि वहिनी, एवढीच. "एकदा सगळी मंडळी घेऊन ये गो," असं तो दर भेटीत म्हणायचा.

*

पहिली अडचण आली ती रजेची.

हे एक दिवस घरी आले आणि म्हणाले, "मला पगारी रजा मिळालीय. बेटावर जाऊ."

मामंजींनी विचारलं, "पगारी रजा म्हंजी?"

"म्हणजे घरी बसायचं आणि पगार चालू."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर मामंजी घरात नाहीत. दुपारी घामाघूम होऊन परत आले. पोराला कामावरून काढलंय आणि तो घरात लपवतोय, अशी त्यांची खात्री झाली होती. म्हणून ते चालत थेट पिंपरीला, कारखान्याच्या गेटवर जाऊन आले होते.

"गेटवरच्या वॉचमनला इच्यारलं," ते ओट्यावर बसत म्हणाले. "त्यो म्हनला, व्हय, रजाच हाय. समद्यांना देत्यात."

"मग पटलं ना आता?" ह्यांनी विचारलं.

"तुझं पटलं. कंपनीचं डोस्कं ठिकानावर न्हाई येवढंच." मग जरा थांबून म्हणाले, "पर त्यांना उमजायच्या आत जाऊन येऊ. मी बी येतो."

*

पुण्याहून एस.टी.नं घाट उतरलो. बंदरावर पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मामंजींनी आणि आत्याबाईंनी समुद्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मामंजी किती तरी वेळ नुसते उभे राहिले. मला वाटलं, आता हात जोडतील. मी मनातून सुखावले होते, माझ्या माहेरचा समुद्र ना तो.

शेवटी त्यांनी विचारलं, "सूनबाई, ह्ये कुनाच्या मालकीचं?"

"कुणाच्याच नाही, मामंजी."

"येवढं सगळं?"

"हो."

त्यांनी समाधानानं मान हलवली. "मग बांधावरनं भांडनं न्हाईत."

*

होडी किनाऱ्याला लागत नव्हती. कमरेएवढ्या पाण्यात ती उभी, आणि खलाशी माणसांना पाठुंगळी घेऊन तिथवर पोहोचवायचे. मामंजी निमूटपणे एकाच्या पाठीवर बसले. आत्याबाईंपाशी दुसरा खलाशी येऊन वाकला, तर त्या दोन पावलं मागं सरल्या.

"परक्या मान्साच्या पाठीवर? मी न्हाई बसायची."

"आजी, लाट जोराची आहे. पडाल."

आत्याबाईंनी नऊवारीचा काष्टा घट्ट केला, भाकऱ्यांची पाटी डोक्यावर घेतली आणि सरळ पाण्यात चालत सुटल्या. लाट आली की जागच्या जागी थांबायच्या, गेली की पुढं. पाटीला हात लावला नाही. होडीत चढल्या तेव्हा भाकऱ्या कोरड्या ठाक होत्या.

खलाशी बघतच राहिला. "आजी, कुठल्या बंदराच्या तुम्ही?"

"चऱ्होलीच्या."

त्यानं बरंच आठवून पाहिलं. "हे बंदर कुठं आलं?"

"आळंदीच्या अलीकडं," आत्याबाई पदर पिळत म्हणाल्या.

*

बेटावर वहिनीची खरी परीक्षा होती. मामंजी आणि आत्याबाई दोघंही माळकरी, मासळी चालायची नाही. आणि बेटावर मासळी सोडली तर काय होतं? नारळ. वहिनीनं नारळाची आमटी केली, नारळाचा भात केला, नारळाची चटणी केली. मामंजी सगळं मुकाट्यानं जेवायचे. एकदा हात धुताना मला हळूच म्हणाले, "सूनबाई, तुझी भावजय गुनाची हाय. पर उद्या च्यात बी नारळ घालंल का काय?"

दुसऱ्या दिवशी दूध संपलं. किनाऱ्यावरून होडी आली नव्हती. वहिनी बिचारी रडकुंडीला आली आणि तिनं खरंच नारळाच्या दुधाचा चहा केला.

मी कप मामंजींसमोर ठेवला आणि खाली मान घालून उभी राहिले. त्यांनी एक घोट घेतला. माझ्याकडं बघितलं. दुसरा घोट घेतला. मग कप पालथा करून सगळा संपवला.

"वहिनीला वाईट वाटू नये म्हणून पिऊ नका," मी म्हणाले.

"तसं न्हाई," मामंजी म्हणाले. "आजून हाय का?"

*

हे इंद्रायणीत पोहायला शिकलेले. समुद्र बघून त्यांना जोर चढला. दादानं बजावलं होतं, "जावईबापू, या बाजूला पाण्याला ओढ आहे, आत जाऊ नका." पण जावयांना असं सांगितलं की झालंच. सगळी निजली होती तेव्हा भरदुपारी हे गुपचूप पाण्यात उतरले. ओढीनं त्यांना उचललं आणि बेटाला वळसा घालून पलीकडच्या खडकांवर नेऊन टाकलं. गुडघे खरचटले, जीव वाचला. लंगोट मात्र समुद्रानं ठेवून घेतला. आणि कपडे बेटाच्या दुसऱ्या टोकाला.

समोर दीपगृहाच्या सामानाची खोली होती. तिच्यात जे पहिलं फडकं हाताला लागलं ते कमरेला गुंडाळून हे टेकडी चढायला लागले. ते फडकं म्हणजे दीपगृहाचं लाल निशाण. बेटावर लाल निशाण दिसलं की इथं कुणीतरी संकटात आहे, असा त्याचा अर्थ.

समुद्रात मासेमारीला गेलेल्या होड्यांनी ते पाहिलं. वारा असा की निशाण चांगलं फडफडत होतं. बघता बघता तीन होड्या बेटाकडं वळल्या. माणसं धावत वर आली. दादा झोपेतून उठून दारात आला.

"काय झालं? कोण आजारी आहे?" त्यांचा म्होरक्या धापा टाकत म्हणाला.

दादानं टेकडीवरच्या लाल निशाणाकडं बघितलं, निशाणाखालच्या पायांकडं बघितलं.

"आजारी कोणी नाही," तो म्हणाला. "जावई आलेत."

*

आता शेवटचा किस्सा.

बेटाच्या टोकाला एक सपाट खडक होता. ओहोटीला तिथवर चालत जाता यायचं, भरतीला तो पाण्याखाली जायचा. त्या दिवशी दादा आणि हे होडी घेऊन किनाऱ्यावर गोडं पाणी आणायला गेले होते. आम्ही तिघी बायका तांदूळ निवडत होतो. वहिनीनं सहज मान वर केली आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

मामंजी त्या खडकावर झोपले होते. तोंडावर पटका, पाय पसरलेले. आणि भरती लागली होती. बेट आणि खडक यांच्यामध्ये पाणी शिरलं होतं. अजून गुडघाभरच होतं, पण वाढत होतं.

आम्ही टोकापर्यंत धावलो. मी "मामंजी" म्हणून ओरडले. वहिनी "आबा" म्हणून ओरडली, गावात सगळे त्यांना तसंच म्हणायचे. वहिनीनं घरातून पितळी थाळी आणून बडवली. लाटांच्या आवाजात काही पोहोचेना. ते ढिम्म हलले नाहीत. मी पाण्यात उतरायला लागले, तर वहिनीनं दंड धरला. "सुमन, तुला पोहता येत नाही." मला एकच दिसत होतं, माझ्या माहेरी आणून मी सासऱ्यांना गमावणार.

आत्याबाई इतका वेळ "अवो... अवो" करत होत्या, घरात करायच्या तसंच, खालच्या आवाजात. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. ते नाव काय आहे हे मलासुद्धा लग्नपत्रिकेवरूनच माहीत होतं.

त्यांनी पदर खोचला. दोन्ही हात तोंडाभोवती धरले. ज्वारीच्या रानात पाखरं हाकलायचा त्यांचा आवाज मी ऐकला होता, तोच आवाज निघाला.

"सखारामाऽऽऽ!"

मामंजी ताडकन उठून बसले. इकडं तिकडं बघितलं, पाणी बघितलं, वहाणा डोक्यावर धरल्या आणि मांडीपर्यंतच्या पाण्यातून झपाझपा चालत आले. वर आले तेव्हा धोतर निथळत होतं.

"कुनी हाक मारली मला?" त्यांनी विचारलं.

मी आणि वहिनी जमिनीकडं बघत राहिलो.

"कुनी न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "भास झाला आसंल." आणि सांडलेले तांदूळ गोळा करायला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी अंगणात समुद्राकडं तोंड करून बसले होते. आत्याबाई चहा घेऊन गेल्या.

"अवो, च्या."

मामंजी हलले नाहीत. त्यांचे कान चांगले तिखट होते, चुलीपाशी कुजबुजलेलं त्यांना ओट्यावर ऐकू यायचं.

"अवो, ऐकलं का? निवतोय च्या."

मामंजी समुद्राकडंच बघत राहिले, कालच्या हाकेची वाट बघत असल्यासारखे.

आत्याबाईंनी मागं वळून दाराकडं बघितलं. मी आणि वहिनी पटकन आत सरकलो.