कुलपासाठी अर्धी गोळी

बायको माझ्याआधी कामाला निघते, त्यामुळे बाळकुमच्या आमच्या घराला कुलूप लावायचं काम माझं. ते मी सात वेळा ओढून बघायचो, लिफ्टपर्यंत जायचो, परत येऊन पुन्हा सात वेळा. वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात लोकांच्या अहवालांतल्या चुका काढून मी पगार घेतो. तेव्हा शंका घेणं हा माझ्या मते आजार नव्हता, पात्रता होती.

बायकोच्या हट्टामुळे गेलो, तरी मनोविकारांचे डॉक्टर मुद्दाम डोंबिवलीचे निवडले, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. त्यांच्या पहिल्या गोळीने सातचे पाच झाले. मग त्यांनी जोडीला नव्या पिढीतल्या एका औषधाची अर्धी गोळी लिहून दिली. केमिस्टने चिठ्ठी वाचून हळूच विचारलं, "पेशंट फार त्रास देतो का हो घरी?"

"देतो," मी म्हणालो.

घरी येऊन खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद भिंगाखाली वाचला. स्किझोफ्रेनिया, भास, भ्रम. शिकल्यासवरल्या माणसाचा हा अपमान होता. तडक डॉक्टरांना फोन लावला.

"तुम्हाला तो आजार नाही," ते म्हणाले. "तुमच्या या पुन्हापुन्हा तपासण्याच्या आजारातही कमी डोसमध्ये ही जोडीला देतात. काहींना उपयोग होतो, काहींना नाही. वजन, साखर तपासत राहू. नाही जमली तर बंद करू."

इतकं साधं बोलणारा डॉक्टर मला संशयास्पद वाटला. गोळ्यांची पट्टी पुस्तकांमागे ठेवली आणि बायकोला सांगितलं, घेतोय.

आठवड्याने मुलीला शाळेच्या बसला सोडायला निघालो. लिफ्ट आली, तरी ती दुसरीतली पोर दाराशीच. दोन्ही हातांनी कुलूप ओढत होती.

"अगं चल, बस जाईल!"

"थांब ना बाबा. तुझे पाच झाले, माझे तीनच झालेत."

संध्याकाळी बायकोला खरं सांगितलं.

"माहितीये," ती म्हणाली. "पट्टीत दहाच्या दहा आहेत."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझा तो कागद वाचून व्हायची वाट बघत होते."

गोळी खरंच सुरू करून आता अडीच महिने झाले. पँट कमरेला बसत नाही. कुलूप मात्र एकदा, फार तर दोनदा. हे गोळीमुळे, की एकदाच ओढून निघायचा जो सराव डॉक्टर करून घेतात त्यामुळे, मला सांगता येत नाही. आणि मला एखादी गोष्ट सांगता येत नाही, असं घरात पहिल्यांदाच झालं.

मुलगी अजून मोजते. म्हणून तिच्यासमोर मी एकदाच ओढतो, हात खिशात कोंबतो आणि घाम फुटलेला असताना हवापाण्याच्या गप्पा मारतो. काल ती दोनवर थांबली, माझ्याकडे बघितलं आणि माझ्याआधी लिफ्टमध्ये शिरली.