ताणा, आठशे मीटर आणि शवासन

आमच्या शाळेतल्या व्यायामाच्या बाई म्हणायच्या, शवासनात माणूस जागा राहिला पाहिजे, नाहीतर ते आसन नव्हे, नुसतं लोळणं. मी दोन वर्षांत एकदाही जागी राहिले नाही. हॉलच्या फरशीवर सतरंजी टाकून पाठ टेकली आणि बाईंनी "डावा पाय सैल सोडा" म्हटलं, की उजव्या पायाची पाळी येईपर्यंत मी गेलेली असायची. एकदा तर घोरले म्हणे. पोरी खिदळल्या, बाई चिडल्या. मला ना हसू आलं ना लाज वाटली. सतरंजी गुंडाळली आणि घरी जाऊन चरख्यावर बसले.

बहात्तरच्या दुष्काळाला दोनेक वर्षं झाली होती. मी सोलापुरात मुलींच्या शाळेत अकरावीला होते, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला. आमचं घर घोंगडी विणणारं. गल्लीत बाकी सगळे सुताचे माग, चादरींचे आणि लुगड्यांचे, आणि घराघरांतून तेलुगू बोलणं. त्यात आमचं एकच लोकरीचं घर. माढ्याच्या बाजूचे मेंढपाळ लोकर आणून टाकायचे आणि ती दारात पडली की शेजारच्या पोरी नाकाला पदर लावून जायच्या. जा म्हणावं! थंडीत अंगावर घ्यायला मात्र आमचीच घोंगडी लागायची ह्यांना.

आबा, म्हणजे माझे वडील, खड्ड्याच्या मागावर विणायचे. जमिनीत कमरेएवढा खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं आणि दिवसभर धोटा इकडून तिकडे फेकायचा. आई लोकर पिंजायची, मी कातायची. भावंडं नव्हती. होती ती दोन्ही लहानपणीच गेली, त्यामुळे तिघांचं काम तिघांनाच.

पळण्याचं खूळ मी शोधून आणलं नाही. मधल्या सुट्टीत मी घरी पळत जायची, अर्धा तास कातायची आणि घंटेच्या आत पळत परत यायची. एक दिवस बाईंनी फाटकात अडवलं. "कुठं गेली होतीस?" म्हटलं, घरी. "घर कुठं आहे?" सांगितलं. बाईंनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, मला बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर यायला सांगितलं. त्या तिथल्या नव्हत्या, पुण्याकडच्या होत्या. आवाज खणखणीत, बोलणं चिरेबंदी. त्यांना वाटायचं, मुलीनं मनावर घेतलं तर काहीही होतं. मनावर मी घेतलंच होतं हो. अंगावर किती घ्यायचं ते कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्यांदा पळले तेव्हा काय वाटलं ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही सारखी रडतेच. लई भारी वाटलं. चरख्यावर बसून बसून मांड्या आखडलेल्या असायच्या, खांदे कानाला टेकलेले. मैदानाला दुसरा फेरा झाला की ते सगळं सुटत जायचं. नाकातली लोकरीची धूळ निघून जायची आणि छातीत मोकळी हवा जायची. बाई प्राणायाम शिकवायच्या तेव्हा मी शिंकरून शिंकरून रुमाल काळा करायची, आणि बाई म्हणायच्या, "अगं, केवढी ही घाण! तू श्वास घेतेस तरी कसा?" शाळेच्या स्पर्धेत पहिली आले, मग तालुक्याला, मग जिल्ह्याला. आठशे मीटर. निळी अर्धी विजार घालून पळते म्हणून आईनं आठवडाभर अबोला धरला, आणि मग तिनंच त्या विजारीचा फाटलेला काठ शिवून दिला.

अडचण वेळेची होती. लोकरीचं सूत केसाळ असतं, तसंच मागावर चढवलं तर घासून तुटतं. म्हणून विणण्याआधी ताण्याला, म्हणजे घोंगडीच्या लांबीत जाणाऱ्या सुतांना, चिंचोक्याची खळ पाजायची. चिंचोके भिजवायचे, वाटायचे, शिजवायचे, आणि ती चिकट पेज कुंच्यानं सुतावर ओढायची. ताणा घरात मावत नाही, गल्लीत दोन खुंटांना ताणून बांधायचा. दोन माणसं दोन अंगांना. आणि एकदा सुरू केलं की सुतं वाळेपर्यंत कुंचा थांबवायचा नाही. थांबलात तर सुतं एकमेकांना चिकटून त्यांचा पापड होतो. हे काम उजाडतानाच करायचं, कारण ऊन चढलं की कुंचा पोचायच्या आत खळ वाळते. आणि पळायचं पण उजाडतानाच, कारण सोलापुरात आठनंतर मैदानावर पळायला माणसाला वेड लागायला पाहिजे.

म्हणून मी वाटणी केली. ताण्याचे दिवस ताण्याला, बाकीचे मैदानाला. आसनं संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये, त्यानंतर कातणं. अभ्यास चरखा फिरवताना, पुस्तक गुडघ्याला टेकवून. ऐकायला सोपं वाटतं. सहा महिन्यांत माझ्या नाकी नऊ आले. कातताना पोटऱ्यांत गोळे यायचे आणि पळताना बोटं सुताला ओढ दिल्यासारखी आपोआप हलायची. बाई ओरडायच्या, "हात सैल! हात सैल सोड!" आई म्हणायची, "सूत जाडंभरडं येतंय गं तुजं, मन कुटं हाय?" मन कुठेच नव्हतं. मन झोपलेलं होतं.

आणि मग मी ती चूक केली. पावसाळा संपून मागणीचे दिवस होते. बाईंनी अचानक सांगितलं, उद्या सकाळी वेळ लावून पळायचं, ज्यांची वेळ चांगली येईल त्यांनाच पुढच्या सरावाला घेणार. दुसऱ्या दिवशी नेमका ताणा. आबांना सांगायला पाहिजे होतं, त्यांनी ताणा एक दिवस पुढं ढकलला असता. पण खळ शिजवलेली होती, ती आंबली असती, आणि माझ्यामुळं घरचं काम अडलं, असं मला व्हायला नको होतं. मी हिशेब केला, ताणा उरकून साडेसहाला निघते. उरकला नाही. हवा दमट होती, खळ वाळेना. मैदानावर पोरी जमल्या असतील म्हणून माझा जीव वर-खाली. आपल्या अंगाची सुतं वाळल्यावर आबा पाणी प्यायला आत गेले आणि मी कुंचा टाकला. आईला ओरडून सांगितलं, "आई, माजी बाजू धर गं!" आणि सुटले. आईनं ऐकलंच नव्हतं. ती मागल्या दाराला चूल पेटवत होती.

वेळ उत्तम आली. बाईंनी पाठ थोपटली. घरी आले तर गल्लीत माझ्या बाजूचा अर्धा ताणा फळीसारखा कडक झालेला, आणि आबा उकिडवे बसून एकेक सूत नखानं सोडवत होते. शेजारचे दोघे विणकर उभे राहून हळहळत होते. त्यांना कळत होतं काय झालंय ते. आबांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "आली का येळ?" मी म्हटलं, आली. "बरं झालं," म्हणाले आणि परत सुतात बोटं घातली.

तीन दिवस ते ताणा सोडवत होते. मला हात लावू दिला नाही. रागानं नव्हे, "तू जा की शाळंला" एवढंच म्हणायचे. एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं, खरंच सांगते. त्यांनी शिवी दिली नाही. उलट त्यानंतर दर ताण्याला ते मला उठवायचेच नाहीत. एका अंगानं कुंचा मारायचे, ताण्याखालून वाकून पलीकडे जायचे, त्या अंगानं मारायचे, परत वाकून अलीकडे. आई कधी हात लावायची, पण तिचा दम लवकर उखडायचा. मी जागी असायची. वाकळेत पडून, कंबर धरून आबा कण्हायचे तो आवाज ऐकायची आणि मग उठून मैदानावर जायची. त्या दिवसांत मी फार छान पळत होते, असं बाई म्हणायच्या.

विभागीय स्पर्धेला माझं नाव निघालं. कोल्हापूरला जायचं, चार दिवस. त्याआधी महिनाभर रोज दोन वेळचा सराव, आणि तिथून निवड झाली तर पुढं राज्याला. बाईंनी वडिलांच्या सहीचा कागद दिला. त्यांचे डोळे चमकत होते. "ही तुझी संधी आहे," त्या म्हणाल्या. "अशी पोरगी माझ्या हाताला दहा वर्षांत लागली नाही."

तो कागद मी आबांना दाखवला नाही. चार दिवस भूगोलाच्या वहीत ठेवला. दाखवला असता तर त्यांनी अंगठा टेकवला असता, मला पक्कं माहीत होतं. आणि मग महिनाभर अजून, आणि मग पुढं राज्याला, आणि मग अजून. तुम्हाला वाटेल, मी वडिलांच्या कमरेवर दया केली. नाही. दया यायला सुद्धा अंगात थोडी ताकद लागते. मला निजायचं होतं. उजाडताना कुणी कशालाही उठवू नये, ना खळीला ना मैदानाला, एवढी एकच इच्छा उरली होती. आणि ते बाईंना सांगायची माझी छाती झाली नाही. दमले म्हणायचं कसं? त्यांच्या लेखी दमणं म्हणजे लाज.

पाचव्या दिवशी बाईंनी कागद मागितला. माझ्या तोंडून निघून गेलं, "वडील नको म्हणतात."

सोपं होतं ते. बाईंनी लगेच विश्वास ठेवला. अशा घरातला, अशा कामाचा बाप नको म्हणणारच, हे त्यांनी मनात आधीच धरलेलं होतं आणि मला ते ठाऊक होतं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, संपलं.

त्याच संध्याकाळी बाई आमच्या घरी आल्या. इस्त्रीची पांढरी साडी, खांद्याला पर्स. आईची धांदल उडाली, ती बसायला पाट शोधत राहिली. आबा खड्ड्यात होते, बाई उभ्या होत्या, त्यामुळं आबांना मान पार वर करून बघावं लागत होतं. मी चरख्यापाशी.

"तुम्ही मुलीला नको का म्हणालात?" बाईंनी सरळच विचारलं.

आबांचा हात धोट्यावर थांबला. त्यांना काही उमगेना. "कशाला बाई?"

"कोल्हापूरला जायला. पळायला. ती सांगते, वडील नको म्हणतात."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली नाही, हे आठवतं. मी त्यांच्याकडं बघत राहिले आणि मनात म्हणत होते, सांगू नका, सांगू नका.

"व्हय," आबा म्हणाले. "मीच न्हाय म्हनलो."

बाई खूप बोलल्या. तुमच्यासारख्या बापांमुळं पोरींचं आयुष्य चुलीत जातं म्हणाल्या. तुम्हाला घरात फुकटचे हात पाहिजेत म्हणाल्या. आबा खड्ड्यात उभेही राहिले नाहीत, कंबर धरली होती. "व्हय बाई," "चुकलंच बाई," एवढंच म्हणत राहिले. आईनं मध्ये तोंड उघडलं, "आवं, पर ह्यांनी तर..." तर आबांनी तिला हातानंच गप्प केलं. बाई चहा न घेता गेल्या.

मग मी रडायला लागले. आबांना सांगायला गेले, आबा, मी... ते म्हणाले, "दमलीस न्हवं? म्हायत हाय मला. जा, नीज जा." आणि धोटा फेकायला लागले.

मी निजले. लाज सोडून सांगते, इतकी गाढ झोप मला त्या दोन वर्षांत लागली नव्हती. दुसऱ्या दिवशी गिरणीचा भोंगा झाला तरी जाग आली नाही.

पुढं गल्लीत आणि शाळेत ते तसंच पसरलं. पोरीला पळू दिलं नाही तो हाच, असं लोक आबांना दाखवून म्हणायचे. विणकरांपैकी एकानं तर तोंडावर सुनावलं. आबांनी कधी कुणाला खरं सांगितलं नाही आणि मीही नाही. दर वेळी वाटायचं, आता सांगू. मग वाटायचं, आता इतकी वर्षं झाली, काय उपयोग.

आबा गेले तेव्हा माझी दोन मुलं शाळेत जात होती. तेराव्याला बाई आल्या, केस पांढरे झालेले, काठी टेकत. आबांच्या फोटोला हात जोडले, माझ्याजवळ बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये. पण यांनी तेव्हा तुला सोडलं असतं तर गं."

मी म्हटलं, "हो ना, बाई."