ओढून धरलेली टेप

समजा, तुमच्या हातात मापाची टेप आहे आणि समोर धाकटी बहीण उभी आहे. हातपाय काडीसारखे, पोट मात्र पुढे आलेलं. लहानपणापासून खिडकीजवळचा पलंग तिचा, पाण्याची बादली तुमची. दोन घासांत तिचं पोट भरतं आणि आई उरलेलं ताट झाकून ठेवते, पुन्हा गरम करून देते. आता सांगा, टेप किती सैल धराल?

थोरली शिवणकाम करायची. गिऱ्हाइकाची कंबर मोजताना टेपखाली दोन बोटं ठेवायची, हा तिचा नियम. बहिणीच्या वेळी मात्र पहिल्या मापानंतर तिने आधी एक बोट काढलं, मग दुसरं. पुढे दर वर्षी टेप जरा जास्तच ओढू लागली.

"पोट आत घे."

"घेतलंय, ताई."

"हे आत? मग बाहेर काढलंस तर दारातून मावशील का?"

धाकटी हसायची. दंडावर निळे डाग उठायचे, पाय ठणकायचे, तरी हसायची. आई म्हणायची, "नाजूक आहे गं ती." थोरली मशीनवर पाय आपटत पुटपुटायची, "आणि मला लोखंडातून ओतलंय."

एकदा धाकटीच्या नाकातून रक्त आलं ते थांबेचना. दवाखाने झाले, तपासण्या झाल्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी तिघींना समोर बसवलं. "एक विशिष्ट चरबी तोडणारा पदार्थ शरीरात असतो. हिच्यात तो फारच कमी आहे. म्हणून ती चरबी प्लीहेत, यकृतात, हाडांत साठत गेली. खाण्याचा दोष नाही, आईवडिलांकडून आलंय."

"आम्हाला तर काहीच नाही," आई म्हणाली.

"दोघांकडे त्या जनुकाची एकेक प्रत बिघडलेली, एकेक चांगली. हिच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या."

"म्हणजे कात्री बोथट, आणि चिंध्या टेबलाखाली साठतायत," थोरली म्हणाली.

"अगदी तसंच. पोट किती वर्षांत वाढलं, काही अंदाज?"

थोरलीने ऐटीत पिशवीतून मापांची वही काढली. बाईंनी पानं उलटली. "तीन वर्षांत जेमतेम एक इंच. वाढ हळू दिसते. मग औषधाची घाई नको, सहा महिने थांबून बघू."

आईने थोरलीचा हात हातात घेतला. "बरं झालं गं, तू लिहून ठेवलंस."

असा हात थोरलीला किती वर्षांत मिळाला नव्हता. तो तसाच राहावा म्हणून तिने दुसऱ्या हाताने वही ओढून घेऊन मिटली. मग म्हणाली, "ती मापं धरू नका. पहिलं सैल घेतलेलं आहे, पुढची मी मुद्दाम ओढून घेतलीत."

आईचा हात निघून गेला. थोरलीने तिथेच, दोन बोटं ठेवून, माप घेतलं. पहिल्या मापापेक्षा पाच इंच जास्त भरलं.

औषध त्याच महिन्यात सुरू झालं. दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून द्यायचं, आणि आई दिवसभर धाकटीच्या उशाशी. थोरलीचीही तपासणी झाली. तिच्याकडे एक कात्री बोथट, एक धारदार. एवढं कळूनही सलाईनच्या दिवशी रिकाम्या घरात मशीन चालवताना ती पाय आपटतेच. धाकटीचं पोट उतरतंय, माप पुन्हा घ्यावं लागतं. टेप आता सैल असते. प्रत्येक वेळी थोरलीच्या ओठांवर एकच गोष्ट येते आणि ती गिळते: मी ओढायचे तेव्हा दुखत होतं ना, मग हसायचीस कशाला?