आबा पाणी मागत नव्हते

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या गावचे नाहीत — एवढंच.

गावात कुणाचा म्हातारा थकला की पोरं मला बोलावतात. नाना, तुम्ही जरा बसा, विषय काढा. भुसावळच्या शाळेतला मास्तर मी, जीभ चालते. जातो, चहा घेतो, पीकपाण्याचं बोलतो आणि मग हळूच म्हणतो — शुद्धीत आहात तोवर निरवानिरव करून टाका. कुणाला काय द्यायचं, शेवटी दवाखान्यात न्यायचं की घरीच ठेवायचं, लेकी-सुनांसमोर बोला. म्हातारे आधी चिडतात, मग बोलतात. रडारड होते, पण घर फुटत नाही. नानांना हे बरं जमतं, असं लोक म्हणतात. कुठून शिकलो, हे कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर काय सांगणार होतो?

माझी मोठी बहीण इंदूअक्का. ऐन तिशीत तिचं कुंकू पुसलं गेलं. दोंडाईच्याला दिराच्या घरात मागची एक खोली — तीही त्याच्या मर्जीवर. आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, तिचाच घोर. एका आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी ते मला विहिरीजवळच्या केळीत घेऊन गेले. म्हणाले, "हे वावर इंदूले द्याचं मनात हाये. उद्या सगळ्याइसमोर बोलतो."

मी मान हलवली. पण नजर केळीच्या घडांवरून हलेना. आमचं सगळ्यात चांगलं वावर ते! बाकी सगळा कापूस, तोही पावसाच्या भरवशावर.

आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात आणि गेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. घागरीवर डांगर — आमच्याकडचं खरबूज — आणि सांजोऱ्या ठेवून झाल्या, पंगत बसली. आबांनी घसा साफ केला. "मी गेल्यावर —" एवढंच बोलले. मी ताडकन उठलो आणि त्यांच्या तोंडावर हात ठेवला. सणासुदीचं अभद्र बोलायचं नाही आबा, शंभरी गाठणार तुम्ही! वर आमरसात बुडवलेला पोळीचा घास भरवला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मुलगा असावा तर असा. आबा घास चावत माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं असेल का? — कळलंच असणार.

पुढेही त्यांनी विषय काढून पाहिला. मी दर वेळी त्यांचे पाय धरले आणि तो बंद केला. प्रेमानंच हो! प्रेमाला कोण आडवं येणार?

पोळ्याच्या सुमारास आबांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तार मिळताच इंदूअक्का धावत आली. तिला पाहिलं की आबा डाव्या हातानं तिचं मनगट धरायचे, मग सोडून दाराबाहेर बोट करायचे — विहिरीकडे. घशातून नुसती घरघर. अक्का रडकुंडीला यायची. "काय म्हनतात रे आबा?"

इथं — इथं मी अडखळतो.

"पानी मांगतात, अक्का," मी म्हणालो. आणि चमच्यानं त्यांच्या तोंडात पाणी घातलं. त्यांनी मान फिरवली, पाणी उशीवर सांडलं. मी पुन्हा घातलं. ते पुन्हा बोट दाखवायचे, मी पुन्हा पाणी घालायचो. शेवटपर्यंत.

तेराव्यानंतर अक्कानं हक्कसोड दिली, आमच्याकडे बहिणी देतात तशीच — जमिनीपेक्षा माहेर राहावं म्हणून. सही करण्याआधी तिनं एकदा विचारलं होतं, आबा माझ्याबद्दल काही बोलले होते का रे? मी नाही म्हणालो. तिला साडी घेतली. ती हरखून गेली.

ती अजून दर आखाजीला येते, दिराच्या त्याच मागच्या खोलीतून. वावर माझ्याच नावावर आहे. दर वर्षी ठरवतो, या खेपेला सांगायचंच. लोकांच्या ओट्यावर तासन् तास चालणारी माझी जीभ तिच्यासमोर टाळ्याला चिकटते. लाज की लोभ? — आता मलाही सांगता येत नाही.

आबांच्या नावाची घागर ती मलाच भरायला लावते. शेजारणींना सांगते, माझ्या भावानं शेवटपर्यंत आबांच्या तोंडात पाणी घातलं. मी ऐकतो, आणि घागर भरतो.