हा सांबार, ती कढी

बालाघाट, लामता आणि रामपायली येथील माझ्या समस्त नातेवाइकांना, तसेच माझ्यासारखं बिऱ्हाड उचलून पुण्यात आलेल्या आपल्याकडच्या मंडळींना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की पुण्यात सांबार मिळत नाही. म्हणजे मिळतं, पण ते पातळ असतं आणि इडलीसोबत येतं. आपला हिरवागार सांबार इथं कोथिंबीर या नावानं राहतो. हे मला निघण्यापूर्वी कुणी सांगितलं असतं, तर माझे थोडे केस तरी काळे राहिले असते.

निघालो ती सकाळ अजून डोळ्यांपुढं आहे. माझं मोबाइल रिचार्जचं दुकान मोबाइलनंच खाल्लं होतं. लोक घरबसल्या रिचार्ज मारायला लागले आणि मी काउंटरवर बसून माशा मारायला. मुलीला पुण्यात कॉलेज मिळालं, तेव्हा बायको सुनंदा, मुलगी आणि मी, सगळेच निघालो. बालाघाट स्टेशनवर गाडी हलली तशी माय खिडकीला धरून चालायला लागली. मला वाटलं, आता रडेल. म्हणाली, "पुन्यात जास्त बोलू नको रे बाबू. तिकडचे लोक बोलन्याच्या मधातच उत्तर देतेत."

पुण्यात एका इमारतीचे मालक नेनेकाका यांनी खालचा गाळा दिला, पण तीन महिन्यांच्या बोलीवर. गिऱ्हाईक टिकलं तर करार, नाहीतर त्यांच्या भाचीला तिथं केकचं दुकान काढायचं होतं. आम्ही गावातलं दुकान मोडून आलो होतो. परत जाऊन करायला काही उरलं नव्हतं. भरवसा एकच, सुनंदाच्या हातची सांबारवडी: सांबार, खोबरं आणि खसखस बेसनाच्या पारीत गुंडाळून तळलेली, सोबत वाटीभर ताकाची कढी. मी झोकात पाटी लावली, 'येथे गरम सांबारवडी मिळेल.'

पहिलं गिऱ्हाईक स्वतः नेनेकाका. त्यांनी वाटीतला एक चमचा चाखला आणि चेहरा आवळला.

"अहो, तुमचं सांबार नासलंय."

"काका, ते कढी होय."

"मग सांबार कुठंय?"

"वडीत."

हरवलेला चष्मा शोधावा तशी त्यांनी वडी उघडून पाहिली. "ही कोथिंबीर आहे."

"हौ. सांबार."

"कोथिंबिरीला सांबार म्हणता? मग सांबाराला काय म्हणता?"

मी खरं ते सांगितलं. "सांबारच."

दोन आठवडे हेच नाटक. लोक बसायचे, वाटी परत करायचे आणि शेजारी जाऊन इडली खायचे. उरलेल्या वड्या आम्हीच खायचो. मुलीनं तर हिरवा ड्रेस घालणं सोडलं.

"पाटी बदलवा न जी," सुनंदा म्हणाली.

मी छातीवर हात ठेवून जाहीर केलं, "नाव बदलवनार नाई! मायचं नाव कोनी बदलवते काय?"

"माय नोय ते. भाजी होय."

दुसऱ्या दिवशी तिनं मला न विचारता काउंटरवर पाण्याच्या ग्लासात कोथिंबिरीची जुडी ठेवली आणि त्याला चिठ्ठी चिकटवली: 'हा सांबार. वाटीत आहे ती कढी.' लोक वाचून हसायचे, मग विचारायचे, मग खायचे. वडी तीच, कढी तीच. गिऱ्हाइकाला चव नावडत नव्हती. त्याला फक्त चार माणसांत वेडं ठरायचं नव्हतं. आणि मी तर प्रत्येकाला रंगमंचावर उभा असल्यासारखा समजावत होतो! चिठ्ठीनं तेच गुपचूप सांगितलं. तेव्हापासून मुलगी पुणेरी बोलली की मी टोकत नाही. मी 'मले' म्हणतो, ती 'मला' म्हणते, आणि जेवायला दोघंही वेळेवर येतो.

एक गोष्ट मात्र सुटत नव्हती. फोनवर मायला म्हणायचो, "दिवाळीत घरी येतो." फोन ठेवून दुकानाचं शटर ओढायचो आणि सुनंदाला म्हणायचो, "चल घरी." मुलगी विचारायची, "पप्पा, एक्झॅक्टली कोणतं घर?" मी शटरचं कुलूप पुन्हा एकदा ओढून बघायचो. उत्तर आलं तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी, आणि तेही माझ्या तोंडून नाही.

नेनेकाका निर्णय द्यायला आले होते. खुर्चीत बसून शांतपणे वडी खात होते. करार की केक, चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. तेवढ्यात एका नव्या गिऱ्हाइकानं चिठ्ठी न वाचताच वाटी तोंडाला लावली आणि साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडलं, "शी! हे सांबार आंबलंय!"

सुनंदाचा झारा हवेतच राहिला. मी तोंड उघडणार, तोच नेनेकाका तोंडात घास असतानाच ताडकन उठले आणि गरजले,

"आंबलंय काय, आंबलंय? कढी आहे ती! आमच्याकडे सांबार वडीत असतो!"